पाणी कुणाकडचं

चष्मा बसवून घेताना त्या बाईंनी श्वास रोखून धरला. दुसऱ्या कुणाच्या हे लक्षातही आलं नसतं, पण त्याचं कामच असं होतं की समोरच्याचा श्वास त्याच्या मनगटावर यायचा. काडी कानामागे नीट बसते का, नाकावरचं पॅड टोचतं का, हे बघायला चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर जावं लागतं, आणि बावीस वर्षं तो तेवढ्या अंतरावर जात आला होता. तिथे लोक काय काय करतात ते त्याला पाठ होतं. कुणी डोळे मिटतं, कुणी उगाच हसतं, कुणी छताकडे बघतं, म्हातारी माणसं न्हाव्यापुढे बसल्यासारखी मान पुढे करतात. श्वास मात्र सगळेच घेतात. या बाई घेत नव्हत्या. त्याने डावी काडी किंचित वाकवली, पुन्हा लावून बघितली, आणि तेवढ्यात त्यांचा चेहरा लालसर झाला. तो मागे सरकला तसा त्यांनी श्वास सोडला आणि म्हणाल्या, ठीक आहे, बसला छान. आरशात त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा दुकानाच्या मालकीणबाई किल्ल्यांचा जुडगा शोधायच्या निमित्ताने त्याच्या टेबलाशी आल्या. त्यांची बोलण्याची रीत तिरकी होती, पण मनात वाईट काही नसायचं. जुडगा समोरच पडला होता. तो उचलून त्या म्हणाल्या, "घरी कपडे नीट वाळतात ना?" तो म्हणाला, वाळतात की. त्यावर त्या घाईघाईने म्हणाल्या की या दिवसांत अवघड जातं म्हणून विचारलं, आणि निघून गेल्या. त्याला उलगडा व्हायला तासभर लागला. मागच्या खोलीत फ्रेमचे खोके काढायला गेला असताना त्याचा हात आपोआप नाकाशी गेला. बाहीला वास नव्हता. कॉलरला नव्हता. शर्टाची दोन बटणं काढून आत नाक घातलं, तिथेही काही नाही. तिथे यंत्रावर काचा घासत बसणाऱ्या माणसाला सगळे सरळ्या म्हणायचे, कारण आडून बोलणं त्याला जमतच नसे. यानं त्याच्यापुढे हात धरला आणि विचारलं, वास येतो का रे? सरळ्याने यंत्र बंदही केलं नाही. "ओल्या पोत्यासारखा," तो म्हणाला. "महिना झाला. मला वाटलं तुला माहीत असेल."

महिना म्हणजे दिवसाला दहा-बारा चेहरे धरले तर तीनशेच्या आसपास माणसं. घरी जाताना तो बसमध्ये चढला नाही, चालत निघाला, आणि चालताना त्या तीनशे चेहऱ्यांतले आठवतील तेवढे आठवत राहिला. एका मुलीने मान वळवली होती. त्याला वाटलं होतं लाजली. एका गृहस्थांनी, राहू द्या, मी घरी जाऊन बघतो, म्हणून चष्मा त्याच्या हातातून जवळजवळ ओढून घेतला होता. त्याला त्यांचा राग आला होता. आता तो राग परत घेऊन कुठे ठेवायचा ते त्याला कळेना. माणसाच्या अंगाला एखादी गोष्ट चिकटलेली असावी, ती साऱ्या जगाला कळावी आणि ज्याची त्याला तेवढी कळू नये, हे त्याला फार भयंकर वाटलं. दुसऱ्यांच्या बाबतीत तो किती वेळा असं वागला होता. कुणाच्या तोंडाला, कुणाच्या पायमोज्यांना, कुणाच्या डोक्याच्या तेलाला वास यायचा, आणि तो नाकाने न घेता तोंडाने श्वास घ्यायचा, हसत राहायचा. समोरच्याला कधी कळलं नाही याचा त्याला थोडा अभिमानही होता.

तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांचं दार त्याने त्या संध्याकाळी परक्यासारखं उघडायचं ठरवलं. किल्ली फिरवली, श्वास धरला, आत पाऊल टाकलं आणि एकदम नाकाने ओढून घेतला. निमिषभर काहीतरी आलं. जुन्या ट्रंकेसारखं, मातीसारखं, थोडं गोडसर. दुसऱ्या श्वासाला ते नव्हतंच. नाकाला किती लवकर सवय होते. बायको स्वयंपाकाच्या ओट्याशी बटाटे सोलत उभी होती. ती दोन गल्ल्या सोडून असलेल्या लाँड्रीत इस्त्रीला होती, तिच्या हातांना कायम गरम कापडाचा वास असायचा, आणि तो मात्र त्याला अजून येत होता. त्याने चप्पलसुद्धा काढली नाही. "माझ्या कपड्यांना वास येतो?" त्याने विचारलं. तिने सोललेला बटाटा पाण्यात टाकला, दुसरा घेतला. "येतो," ती म्हणाली.

मग एकेक कळत गेलं. वास दोन पावसाळ्यांपासून होता. ती त्याचे कामावरचे शर्ट लाँड्रीत नेऊन धुवायची, तिथेच मागच्या दोरीवर टांगायची, आणि रोज एक घरी आणायची. कपाटात ती ते ठेवतच नव्हती. महिन्यापूर्वी लाँड्रीच्या मालकाने दोरी काढून तिथे नवं यंत्र बसवलं. तेव्हापासून शर्ट घरात होते. रोज सकाळी दाराच्या मागच्या खिळ्याला शर्ट तयार असतो, ही गोष्ट त्याने कधी मनावरच घेतली नव्हती. ती अशीच नीटनेटकी आहे, इतकंच. कपाट तरी कुणी सरकवलं, त्याने विचारलं, आणि विचारताना त्याला आठवलं की कपाट पूर्वी खिडकीजवळ होतं. तिने एकटीने ते या भिंतीपुढे सरकवलं असणार, खाली चिंधी घालून, इंच इंच. दोघांनी मिळून ते पुढे ओढलं.

मागची भिंत गुडघ्यापासून खांद्यापर्यंत काळी होती. काळीच असं नाही, जवळून पाहिलं तर त्यात हिरवं होतं, राखाडी होतं, एका जागी शेंदरी ठिपके होते, आणि सगळ्यावर बारीक लव होती, नवजात प्राण्याच्या अंगावर असते तशी. गिलाव्याचे पोपडे सुटून खाली पडले होते आणि त्यांतून पांढरं मीठ फुटलं होतं. त्याने बोट लावलं. भिंत थंड होती, पण नुसती थंड नव्हती, तिला एक मऊपणा होता. कपाटाची पाठ फुगून लाकडाचे पदर सुटले होते. आत मागच्या बाजूला तिच्या वडिलांचा लोकरी कोट टांगलेला होता, त्याच्या दोन्ही खांद्यांवर बुरशीने फिकट हिरवे ठसे धरले होते. तिने कोट काढला, खिडकीपाशी नेऊन झटकला आणि घडी न घालताच हातावर घेऊन उभी राहिली.

हे पलीकडून येतं, तो म्हणाला. त्याला ते तिथल्या तिथे कळलं, म्हणजे कळल्यासारखं वाटलं. त्या भिंतीपलीकडे शेजारच्या घराची न्हाणी होती, आणि शेजारी एकटे राहणारे म्हातारे गृहस्थ तरुणपणी रेडिओवर बातम्या द्यायचे. इमारतीत त्यांना सगळे बातम्यावालेच म्हणायचे, बायको त्यांना काका म्हणायची. अजूनही सकाळी ते पेपर मोठ्याने वाचत. भिंतीतून शब्द कळायचे नाहीत, पण चढउतार कळायचा, आणि शेवटी ठळक बातम्या पुन्हा एकदा सांगताना आवाज जसा खाली बसतो तोही कळायचा. त्या आवाजाच्या खाली पाणी वाहत असायचं. बारीक, एकसारखं. हे त्याने कितीदा ऐकलं होतं. म्हातारा नळ उघडा ठेवतो आणि विसरतो. "नळ बंद असतात," बायको म्हणाली. "मी रोज बघते." ती रोज संध्याकाळी त्यांना वाडगाभर सूप नाहीतर भाजी-भात नेऊन द्यायची, हे त्याला माहीत होतं. मग ती जरा थांबून म्हणाली की काहीही कर, पण इमारतीच्या ऑफिसला कळवू नकोस. तिथून माणूस आला तर तो पलीकडेही जाईल. आणि तिथे त्याला काय दिसेल ते तिने सांगितलं: दारापर्यंत रचलेले पेपर, जळून काळी झालेली दोन भांडी, आणि तिला कधी तिच्या नावाने, कधी भलत्याच नावाने हाक मारणारे काका. दुसऱ्या शहरात त्यांची एक पुतणी आहे, ती गेली दोन वर्षं त्यांना वृद्धाश्रमात हलवायला हेच निमित्त शोधते आहे.

त्याने बरं म्हटलं, कारण दुसरं काही म्हणायची त्याला सोय नव्हती. सात वर्षांपूर्वी त्यांचं घर एकाच खोलीचं होतं आणि तिचे वडील पडद्यापलीकडे झोपायचे. ते खोकायचे. तो खोकला तसा काही मोठा नव्हता, पण ठरावीक वेळाने यायचा, आणि येणार आहे हे माहीत असल्यामुळे त्याची वाट बघत पडून राहावं लागायचं. वृद्धांची ती जागा त्यानेच शोधली. फॉर्म त्यानेच भरला. तिथे कोरडं असतं, खिडकीतून ऊन येतं, डॉक्टर खालच्याच मजल्यावर असतो, हे त्याने सासऱ्यांना समजावून सांगितलं तेव्हा ते मान डोलावत होते, जावयाचं बोलणं ऐकून घेताना माणूस डोलावतो तशी. अकराव्या आठवड्यात ते गेले. कशाने असं खास काही नाही, डॉक्टर म्हणाले, वय होतं. बायको त्यावर कधी काही बोलली नाही. एकदाही नाही. भांडणात माणूस काय काय बाहेर काढतो, पण ती ते काढत नसे. भांडण त्या विषयाजवळ आलं की ती गप्प व्हायची आणि तो ताबडतोब हरायचा.

मग पुढचे काही आठवडे ते दोघं भिंतीच्या सेवेत होते. ब्लीचच्या पाण्याने पुसायची, पंखा लावायचा, खिडक्या उघड्या टाकायच्या, पाऊस आत आला की लावायच्या. पुसल्यावर दोन दिवस ती पांढरी राही आणि तिसऱ्या दिवशी कडेने पुन्हा ठिपके येत, आधी टाचणीच्या डोक्याएवढे. दुकानात मालकीणबाईंनी त्याला मागच्या खोलीत बसवलं, तात्पुरतं, सरळ्याच्या हाताखाली. काचांना नाक नसतं, सरळ्या म्हणाला, आणि यात विनोद आहे हे त्याच्या लक्षातही आलं नाही. तो काचा घासायला शिकला. हात शिकले, पण दिवसभर ते काहीतरी शोधत असायचे. चेहऱ्याचं एक तापमान असतं. कानामागची कातडी मऊ असते, तिथे बोट लागलं की माणूस क्षणभर लहान होतो, मोठमोठे अधिकारीसुद्धा. ते त्याच्याकडून गेलं होतं. बाहेरून नव्या पोराचा आवाज यायचा, टोचतंय का, आता कसं वाटतं, आणि त्याला वाटायचं की तो घाई करतोय, उजवा कान बघत नाहीये. दिवसातून पन्नास वेळा तो बाही नाकाशी नेई. काही येत नसे. त्याने लसूण हुंगून पाहिला, रॉकेल हुंगून पाहिलं. सगळं येत होतं. स्वतःचाच तेवढा येत नव्हता.

रविवारी बायको कामाला गेल्यावर तो भिंतीला कान लावून उभा राहायचा. गाल ओला व्हायचा. पलीकडे बातम्या चालू असायच्या आणि खाली पाणी. एकदा त्याला राहवलं नाही, तो तसाच बाहेर पडला आणि शेजारचं दार वाजवलं. बातम्यावाल्यांनी दार उघडलं ते इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, पायात मोजे नाहीत असे. ओळख पटायला वेळ लागला, पण पटल्यावर त्यांनी मनापासून स्वागत केलं आणि पेपरच्या गठ्ठ्यांमधल्या वाटेने त्याला आत नेलं. तो हात धुवायचं निमित्त करून न्हाणीत गेला. नळ बंद होता. पण लादी ओली होती आणि त्याच्या घराकडची भिंत त्याच्या भिंतीपेक्षाही काळी होती. तिच्यावर म्हाताऱ्याने जुने पेपर चिकटवले होते, ते ओले होऊन लोंबत होते. म्हणजे आत्ताच बंद केला असणार, त्याने मनाशी म्हटलं. बाहेर आला तर बातम्यावाले खोकत होते. खोकला थांबवून, ज्या आवाजाने त्यांनी पूर्वी देशोदेशीच्या बातम्या दिल्या असतील त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "तुमच्याकडून पाणी येतं का हो?" मग ते हात हलवून म्हणाले, "नाही, तक्रार नाही माझी. शेजार आहे. मी ऑफिसला काही कळवणार नाही, तुम्ही काळजी करू नका."

जिना उतरून रस्त्यावर आला तरी त्याला ते वाक्य सोडेना. आधी हसू आलं. मग राग आला, आणि तो राग बराच मोठा होता, त्या म्हाताऱ्याला पुरून उरेल असा. आपलं पाणी दुसऱ्यावर ढकलायचं आणि वर क्षमा करायची. भ्रमिष्ट माणूस, त्याने स्वतःला सांगितलं, आणि हा शब्द सापडल्यावर त्याला हायसं वाटलं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्याने दुकानातल्या संगणकावर इमारतीच्या ऑफिसचा तक्रारीचा फॉर्म उघडला. घर क्रमांक, मजला, ओल कुठे, किती दिवसांपासून. चौकटी भरणं सोपं असतं, प्रत्येक चौकटीत थोडंच लिहायचं असतं. शेवटची चौकट होती, आणखी काही माहिती असल्यास. त्याने लिहिलं, शेजारचे गृहस्थ वयस्कर असून एकटे राहतात. ते खोडलं. पुन्हा लिहिलं. मग पुढे लिहिलं, नळ बंद करायचं त्यांच्या लक्षात राहत नसावं. नसावं या शब्दावर तो थोडा वेळ थांबला. तो शब्द त्याला प्रामाणिक वाटला. सरळ्या मागून डबा घेऊन येत होता, तेवढ्यात त्याने बटण दाबलं.

ऑफिसचा तपासनीस चौथ्या दिवशी आला. बायको कामावर होती. वेळ त्यानेच तशी मागितली होती. तपासनीस तरुण होता, सभ्य होता, बूट बाहेर काढून आत आला. दोन सुया असलेलं छोटं यंत्र त्याने भिंतीत ठिकठिकाणी खुपसलं आणि आकडे लिहून घेतले. मग तो शेजारी गेला. पाच मिनिटांत येईल असं वाटलं होतं, चाळीस मिनिटं झाली. भिंतीतून बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. बातम्यावाल्यांचा आवाज आधी नेहमीसारखा चढउताराचा होता, मग तो अडखळायला लागला, एकच चढ पुन्हा पुन्हा घ्यायला लागला. तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि उगाच भांडी विसळत बसला.

दहा दिवसांनी पुतणी आली. चांगली बाई होती, दमलेली होती. तिने पेपर रद्दीवाल्याला दिले, भांडी फेकली, दोन बॅगा भरल्या. निघायच्या सकाळी जिन्यात गर्दी नको म्हणून एक बॅग यानेच खाली नेली. बायको काकांचा हात धरून पायरी पायरी उतरवत होती. गाडीत बसताना त्यांनी त्याचे आभार मानले, तुम्ही फार केलंत म्हणाले. गाडी गेल्यावर बायको रस्त्यात उभी राहिली, तिला कामाला उशीर होत होता तरी. "तू लिहिलंस?" तिने विचारलं. तो हो म्हणाला. तिने मान हलवली, एखाद्याने वेळ सांगितल्यावर हलवावी तेवढीच, आणि ती लाँड्रीच्या दिशेने चालू लागली. त्या दिवसापासून ती संध्याकाळी उशिरा यायला लागली. भांडण नव्हतं. स्वयंपाक होता, इकडचं तिकडचं बोलणं होतं, सकाळी दारामागे शर्टही असायचा. ज्या रविवारी तिला सुट्टी मिळे त्या रविवारी ती बस बदलून काकांना भेटायला जायची आणि परत आली की, बरे आहेत, एवढं सांगायची. तिथे कोरडं आहे का, असं विचारायचं त्याच्या ओठांवर यायचं, आणि तो वाक्य गिळायचा.

शेजारच्या घराचं पाणी ऑफिसने तोडलं. दोन रंगारी आले, त्यांनी भिंत खरवडली, बुरशीवरचं औषध लावलं, रंग दिला. नेमके त्याच सुमारास पावसाने तीन आठवडे दडी मारली आणि भिंत वाळली. त्याने तळहात लावून पाहिला, कागदासारखी कोरडी. कपाट खिडकीजवळ गेलं. एके दिवशी मालकीणबाईंनी त्याच्या शेजारी उभं राहून एक लांब श्वास घेतला, अगदी उघडपणे, आणि उद्यापासून बाहेर बसा म्हणाल्या. पहिलंच गिऱ्हाईक एक शाळामास्तर होते, त्यांच्या उजव्या कानाच्या मागे काडी बसत नव्हती. त्याने बोट घातलं, वाकवली, बसवली. मास्तरांचा श्वास त्याच्या मनगटावर आला. त्या दिवशी तो इतका खूश होता की घरी येताना चालता चालता गुणगुणायला लागला, आणि जिन्यात शेजारचं कुलूप दिसल्यावर गप्प झाला. मग त्याने स्वतःशी हिशोब मांडला, जो तो आता रोज मांडायचा: म्हातारा एकटा होता, काहीतरी झालंच असतं, उद्या आग लागली असती, तिथे कुणीतरी बघायला आहे. सगळं खरं होतं. खरं असूनही ते पुन्हा पुन्हा मांडावं का लागतं, एवढंच त्याला कळत नव्हतं.

चौथ्या आठवड्यात पाऊस परत आला आणि तीन दिवस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी दुकानं बंद होती, दोघंही घरी होते. सकाळी दहाच्या सुमारास तो नखं कापत बसला असताना त्याला पाण्याचा आवाज आला. बारीक, एकसारखा. आधी त्याला तो बाहेरचा वाटला. मग तो उठला. बातम्या नव्हत्या, त्यामुळे आवाज अगदी स्वच्छ होता, भिंतीच्या पोटातून वरून खाली जाणारा. पलीकडचं पाणी तोडून महिना होत आला होता. त्याने तळहात टेकवला आणि नव्या रंगाखाली तो मऊपणा पुन्हा बोटांना लागला. बायको दारात येऊन उभी होती. ती ऐकत होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

पाऊस उघडल्यावर ऑफिसने प्लंबर पाठवला, तो पन्नाशीचा, अबोल माणूस होता, पलीकडच्या घराची किल्ली बरोबर घेऊनच आला. त्याने आधी गच्चीवर जाऊन एक बादली पाणी ओतलं, मग खाली येऊन भिंतीला कान लावला, अगदी तो लावायचा तसाच. छिन्नीने त्याने इकडून एक वीतभर भोक पाडलं, मग पलीकडे जाऊन तिकडून पाडलं, आणि बायकोला दिवा धरायला बोलावून घेतलं. गिलावा पडला, विटांचा चुरा पडला, आणि आत बिडाचा जुना पाइप दिसला. गच्चीवरचं सगळं पाणी त्यातून जात होतं. पाइप भिंतीतच पुरलेला होता आणि सांध्याशी चिरलेला. चिरेच्या दोन्ही बाजूंना गंज उतरून जाड थर बसले होते. प्लंबर परत इकडे आल्यावर त्याने विचारलं, किती दिवसांचं असेल हे. प्लंबर म्हणाला, वर्षांचं विचारा, आठ, दहा. "पलीकडच्यांचा काही संबंध नाही?" त्याने विचारलं. हा प्रश्न विचारताना त्याचा आवाज त्यालाच खालचा वाटला. प्लंबर चिरेत बोट घालून चाचपत होता. "पलीकडचे बिचारे तुमच्यासारखेच," तो म्हणाला. "त्यांच्याकडे तर उतार आहे, जास्तच गेलं असणार." मग सांध्याचं माप घेऊन तो सामान आणायला गेला.

जिन्यावरून त्याची पावलं खाली गेली. भिंतीत आरपार भोक होतं, पाइपच्या बाजूने हाताचा पंजा जाईल एवढं, आणि त्यातून पलीकडच्या न्हाणीतला दिवा दिसत होता. बायको अजून तिकडेच होती. तिने ऐकलं असेल की नाही ते त्याला सांगता येईना. त्याने भोकाशी तोंड नेलं. आपण काय लिहिलं होतं ते त्याला शब्दशः आठवत होतं. लक्षात राहत नसावं. "नळ नव्हता," तो म्हणाला. "पाइप आहे, गच्चीचा. त्यांचा काही संबंध नव्हता." पलीकडचा दिवा हलला, मग लादीवर ठेवल्याचा आवाज झाला. त्याला वाटलं ती आता म्हणेल की मी सांगत होते. तिने ते म्हणावं असं त्याला फार वाटलं. सात वर्षांचं सगळं एकदम म्हणून टाकावं, ओरडावं, म्हणजे त्यालाही काही म्हणता येईल.

"मी रोज नळ बघायला जायचे," ती म्हणाली. आवाज भोकातून येत असल्यामुळे तो फार जवळचा आणि फार लहान वाटत होता. "सूप द्यायला जायचे आणि आधी न्हाणीत जायचे. ते म्हणायचे, अगं आधी बस तरी. मलाही संशय यायचाच ना." तिला खोकला आला, चुऱ्याची धूळ उडत होती. खोकला संपल्यावर ती म्हणाली की काल ऑफिसवाल्याने सांगितलं, ही जागा पुढच्या आठवड्यात दुसऱ्यांना देतायत, एक नवरा-बायको आहेत. म्हणजे काकांना परत आणायचं म्हटलं तरी जागा नाही. तो म्हणाला, आपण ऑफिसला कळवू, लिहून देऊ की चूक झाली. ती म्हणाली, दे. त्यात आशा नव्हती आणि टोमणाही नव्हता. तो लिहील तेव्हा तीच शेवटची चौकट असेल, आणखी काही माहिती असल्यास, हे त्याच्या डोळ्यांपुढे येऊन गेलं.

"येत्या रविवारी तू चल माझ्याबरोबर," ती म्हणाली. "तूच सांगायचं त्यांना. मी नाही सांगणार."

तो हो म्हणाला. तिला दिसणार नाही हे माहीत असूनही त्याने मानही हलवली. बाहेर पुन्हा सर आली असावी, पाणी वाहायला लागलं, पाइपच्या आत थोडं आणि बाहेर थोडं. मग पलीकडे काहीतरी सरकलं, ती बहुधा उभी राहिली होती, आणि तिचा आवाज आता वरून आला.

"ते हसतील," ती म्हणाली. "काही नाही हो, म्हणतील, शेजार आहे. ते हसले तरी तू हसू नकोस."